तिरकी पट्टी

"मॅडम, खालची ही पट्टी कापून टाकतो. तिरकी बसलीय. फ्रेम सरळ आणि पट्टी तिरकी, म्हणजे सगळं पोस्टरच वाकडं वाटणार बघा." फ्रेमवाल्यानं हे सांगता सांगता मोजपट्टीही ठेवली आणि कटरही उचललं. त्याचं काही चुकत नव्हतं. तीस इंच बाय चाळीस इंचाचं सिनेमाचं जुनं पोस्टर, घड्यांच्या जागी पांढरी फुली उमटलेली, कडा बिस्किटासारख्या झालेल्या, आणि तळाला वीतभर उंचीची गुलाबी कागदाची पट्टी, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. पट्टीखाली चित्रातल्या नाचणारीची पावलंसुद्धा झाकली गेलीत. कोणत्याही शहाण्या माणसानं ती कापलीच असती. मी मात्र "थांबा, दोन दिवसांनी सांगते" म्हणाले, पोस्टर पुन्हा गुंडाळलं आणि रिक्षात आडवं मावेना म्हणून उभं मांडीत धरून घरी आणलं. त्या दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. कपाटामागे ते उभं होतं आणि केर काढताना रोज आठवण करून देत होतं.

बापूमामाला जाऊन दीड वर्ष झालं. दिवाळीत कोल्हापूरला गेले तेव्हा मामीनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आधीच खाली काढून ठेवली होती. "तुला असलं आवडतंय म्हणून ठेवलंय. न्हाईतर रद्दीवाला काय रोज दारातनं जातोय." ट्रंक उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा वास, मामाचा खाकी शर्ट, गंजलेली तीन सेलची बॅटरी, सात फोटो, पट्ट्यांचं एक पुडकं आणि हे पोस्टर. मामानं सगळी हयात एका टॉकीजमध्ये काढली. आधी पोस्टरं चिकटवायला, मग दारावर, आणि शेवटची बारा वर्षं बुकिंगच्या खिडकीत. टॉकीजच्या जागी आता गाळे झालेत. खाली मोबाइलची दुकानं, वर क्लासेस. पोस्टर कुठल्या सिनेमाचं ते मी मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की लोक सिनेमाबद्दल बोलायला लागतात, गाणी म्हणून दाखवतात, आणि मामा राहतो बाजूला. सत्तरच्या दशकातला तमाशापट आहे, नाचणारीचा पदर पोस्टरच्या कडेबाहेर उडून गेलाय आणि चित्रकारानं पाटलाच्या डोळ्यांत गरजेपेक्षा जास्त लाल रंग ओतलाय, एवढं पुरे.

आजोळी मे महिना काढायचा म्हणजे आमच्यासाठी दर गुरुवारी संध्याकाळी खळीचा कार्यक्रम. परड्यातल्या चुलीवर काळंकुट्ट पातेलं चढायचं, त्यात मैदा आणि पाणी. मामी लाकडी दांड्यानं ढवळायची आणि ते रटरटायला लागलं की मामा कागदाच्या पुडीतून मोरचूद सोडायचा. निळे खडे पांढऱ्या लगद्यात फिरता फिरता विरघळायचे, लगद्याला हिरवट झाक यायची आणि एक आंबूस, धातूसारखा वास सुटायचा. तो वास अजून माझ्या नाकात सिनेमाचा वास म्हणून बसलाय. लोकांना पॉपकॉर्नचा आठवतो, मला मोरचुदाचा. "हात लावायचा न्हाई, इख हाय त्यात," असं मामी दर गुरुवारी बजावायची. मोरचूद घातलं की किडे लागत नाहीत आणि गाई पोस्टरं खात नाहीत, असं मामाचं म्हणणं. तरी खायच्याच. सकाळी नायिकेचं अर्धं तोंड गेलेलं असायचं आणि खाली तृप्त गाय रवंथ करत बसलेली. रात्री दहानंतर मामा सायकलला शिडी आडवी बांधून, हँडलला बादली अडकवून निघायचा. मागच्या कॅरिअरवर पोस्टरांची गड्डी. एकदा हट्ट करून मी गेले होते बरोबर. भिंतीवर आधी कुंच्यानं खळ फासायची, मग घडी उलगडत पोस्टर वरून खाली सोडायचं, मग पुन्हा वरून खळ. ओल्या खळीखाली रंग एकदम गडद व्हायचे, कंदिलाच्या उजेडात ती बाई आत्ता श्वास घेईल असं वाटायचं. वाळल्यावर ती पुन्हा कागदाची व्हायची.

आणि पट्ट्या. पोस्टर मुंबईहून यायचं, चांगल्या ऑफसेटवर छापलेलं. ते साऱ्या महाराष्ट्राला सारखंच. त्यात टॉकीजचं नाव कुठून असणार? ते सांगायला गावातल्या छापखान्यात लाकडी टाईप लावून पट्ट्या छापून घ्यायच्या, गुलाबी नाहीतर पिवळ्या पतंगी कागदावर. 'आजपासून', 'उद्यापासून', 'रोज ३ खेळ', 'शेवटचे दोन दिवस', आणि मामाची लाडकी 'तुफान गर्दीचा २ रा आठवडा'. ही दुसऱ्या आठवड्याची पट्टी पहिल्या आठवड्याच्या पट्टीबरोबरच छापून यायची, कारण मशीनवर एकदा चढवलं की दोन्ही काढलेलं स्वस्त पडायचं. म्हणजे गर्दी आधी छापून ठेवलेली असायची, माणसं मागाहून यायची. कधीकधी यायचीही नाहीत; मग ती पट्टी पुढच्या सिनेमाला वापरायची. घरात पसरलेल्या पोस्टरांवर पट्ट्या चिकटवायचं काम मामा ओसरीवर गुडघ्यांवर बसून करायचा आणि त्या कायम तिरक्या बसायच्या. डावीकडून सुरुवात करून तो उजवीकडे सरकायचा, आणि सरकताना त्याचा हात वर जायचा. मामी हसायची. मामा म्हणायचा, "भिंतीवर चढल्यावर कोण बघतंय वाकडं का सरळ? वाचाय आलं म्हंजे झालं."

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं डोक्यातून जात नाही, ती सांगते. टॉकीजच्या व्हरांड्यात काचेची शोकेस होती, आत हिरवं कापड, आणि त्यावर टाचण्यांनी लावलेला फोटोसेट. सिनेमाच्या रिळांच्या पेटीबरोबर हे फोटो यायचे, खेळ उतरला की मोजून परत जायचे. आम्ही मुलं काचेवर नाकं टेकवून उभी राहायचो. तिकीट मिळेल न मिळेल, फोटो फुकट होते. दहा-बारा फोटोंवरून आम्ही सिनेमाची गोष्ट रचायचो आणि ती सिनेमापेक्षा बरी असायची, हे आता कळतं. त्या वर्षी एका फोटोत ती बाई बैलगाडीत मागच्या बाजूला पाय सोडून बसली होती, हातात पेटलेला कंदील, आणि ती मागं राहिलेल्या कुणाकडे तरी बघत होती. कुणाकडे, ते फोटोत नव्हतं. आठ-नऊ वर्षांची असेन मी. तो कोण, हे कळल्याशिवाय मला झोप येणं शक्य नव्हतं. मामानं पिटात बसवलं, स्वतः बॅटरी घेऊन दाराशी उभा. सिनेमा सुरू झाला, लावण्या झाल्या, पाटलाचे डोळे लाल झाले, मध्यंतर झालं, एक मेला, दुसऱ्याला पश्चात्ताप झाला. मी बैलगाडीची वाट बघत होते. गाडी एकदा आली, पण तिच्यात कडबा होता.

तो प्रसंग आलाच नाही.

दिवे लागले तरी मी उठेना. मामाला वाटलं भिऊन रडतेय. "त्यातली कंदीलवाली कुठाय?" असं विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, "अगं, ते फोटोपुरतं काढलेलं असतंय." एवढं सहज. मला मात्र कुणीतरी खिशातून काहीतरी काढून नेल्यासारखं झालं. फोटोपुरतं? म्हणजे ती बाई त्या गाडीत खरंच बसली, तिच्या हातात खरा कंदील दिला, तिनं मागं वळून बघितलं, आणि हे सगळं फक्त काचेच्या पेटीसाठी? पुढे कॉलेजात असताना मी मामाच्या मागे लागून अजून दोनदा तो सिनेमा पाहिला, न जाणो रीळ तुटलं असेल, ऑपरेटरनं कापलं असेल. नाही. कंदील नव्हताच.

हा मामला कसा चालतो ते खूप उशिरा समजलं. जुन्या सिनेमाचं म्हणून जे छायाचित्र आपण बघतो ते बहुतेक वेळा सिनेमातून उचललेलं नसतंच. सिनेमाच्या रिळातली एक चौकट मोठी करून छापली तर ती मऊ, दाणेदार, हललेली येते. म्हणून सेटवर स्थिरचित्रं काढणारा वेगळा माणूस. दिग्दर्शकानं शॉट ओके केला की तो पुढे व्हायचा, आपला कॅमेरा तिकाटण्यावर चढवायचा, आणि नटमंडळी आत्ताच केलेला अभिनय पुन्हा एकदा, थिजवून करायची. बोलपट आल्यावर तर शॉट चालू असताना शेजारी खटका दाबण्याची सोयच राहिली नाही. त्यामुळे हात किंचित जास्त उचललेला, मान किंचित जास्त कललेली, प्रकाश वेगळा, दोघांमधलं अंतर कमी केलेलं, कारण चौकटीत दोघं मावायला हवीत. कधी मूळ प्रसंग संकलनात उडालेला, फोटो मात्र आधीच छापून गेलेला. कधी फोटोवाल्यालाच काहीतरी सुचलेलं. माझ्या कंदीलवालीचं नक्की काय झालं ते कळायला मार्ग नाही, पण ती अशाच एखाद्या दुपारी जन्मली असणार. बाकीचे लोक चहाला गेलेले, आणि एक माणूस तिला म्हणतोय, जरा मागं बघा.

यात हसण्यासारखं काही वाटत असेल तर 'आलम आरा'चा विचार करून बघा. १४ मार्च १९३१ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये जो बोलला, त्याची आज एक फूटही फिल्म कुठे मिळत नाही. राहिलीत ती छायाचित्रं, जाहिराती, गाण्यांची पुस्तिका. पहिला बोलपट, आणि आपल्याजवळ त्याचं उरलंय काय, तर जे बोलत नाही ते. मास्टर विठ्ठल आणि झुबेदाचा तो फोटो प्रत्येक वाढदिवसाला वर्तमानपत्रात छापून येतो. विठ्ठल म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला गडी, मूकपटातला तलवारबहाद्दर. उर्दू संवाद त्याला झेपेनात म्हणून बोलपटात त्याला बराच वेळ गुंगीत ठेवला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला प्रश्न पडतो तो वेगळा. तो फोटो पडद्यावर कधी होता का? की तोही फोटोपुरताच? आपण नव्वद-पंच्याण्णव वर्षं ज्याला 'आलम आरा' म्हणून हार घालतोय ते चित्र त्या सिनेमात नसेलही. आणि आता ताडून बघायला सिनेमाच नाही. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरांनी ती रिळं शोधायला किती खटपट केली! सिनेमाचे दिग्दर्शक अर्देशीर इराणी म्हणत, असतील कुठेतरी रिळं. आणि त्यांच्या मुलानं नायरांना बाजूला घेऊन सांगितलं की चांदी काढून घेऊन ती रिळं त्यानंच विकून टाकलीत. जुन्या फिल्मवरच्या थरात चांदी असते. कागदी पोस्टरातून काही निघत नाही, हाच काय तो त्याचा बचाव.

मूकपटांच्या जमान्यात आपल्याकडे तेराशेच्या वर चित्रपट निघाले म्हणतात. पूर्ण म्हणा, तुकड्यातुकड्यांत म्हणा, हाताशी लागतील असे तीसाच्या आतबाहेर. बाकी सगळा कारभार फोटोंवर, पोस्टरांवर आणि कुणाच्यातरी आठवणीवर चाललाय. बाबूराव पेंटरांचा १९२५चा 'सावकारी पाश' घ्या. मूळ मूकपट गेला. तरुण शेतकऱ्याच्या वेषातला व्ही. शांताराम छायाचित्रात आहे, आणि सिनेमावाले जे. बी. एच. वाडिया यांची एक आठवण आहे: अंधारातली उदास झोपडी आणि विव्हळणारं कुत्रं. मी ती आठवण पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ते कुत्रं ऐकू आलं. मग ध्यानात आलं, सिनेमा मुका होता. वाडियांनाही ते ऐकू आलं नसणारच. आणि तरी इतक्या वर्षांनी त्यांना आठवला तो आवाजच.

पेंटरांचं नाव काढलं की कोल्हापूरचं माणूस थांबत नाही, तेव्हा थोडं सहन करा. आमच्याकडे सिनेमा रंगाच्या डब्यातून आला. बाबूराव आणि आनंदराव ही मेस्त्री घराण्यातली भावंडं संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायची. राजवाडे, जंगलं, नदीकाठ, सगळं कापडावर. त्या पडद्यांमागून हलता पडदा आला. आनंदराव कॅमेरा जुळवता जुळवता १९१६ला गेले, बाबूरावांनी तो पुरा केला, आणि 'सैरंध्री' १९२०ला लोकांसमोर आली. पुढे प्रभात फिल्म कंपनी काढणारे दामले आणि फत्तेलाल याच तालमीतले, कुंचलेवाले. तिकडे फाळक्यांचं बघा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, पण त्याआधी माणूस छायाचित्रकार आणि छापखानेवाला. रवि वर्म्यांच्या छापखान्यासाठी ब्लॉकचं काम केलेला, मग स्वतःचा छापखाना काढलेला. दगडावर उलटं चित्र काढायचं, एकेका रंगाला एकेक दगड, कागद एकावर एक बिनचूक बसला नाही तर देवाच्या ओठांचा रंग गालावर जायचा. ही शिस्त हातात मुरलेली माणसं सिनेमा करायला लागली. म्हणून पेंटरांनी स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली यात मला काही नवल वाटत नाही. नवल वाटतं ते १९२१-२२च्या सुमाराला सिनेमाची माहिती आणि फोटो घातलेली पुस्तिका छापून लोकांच्या हातात द्यायची, हे सुचण्याचं. माणसानं घरी जाताना सिनेमाचा एखादा तुकडा बरोबर न्यावा, असं त्यांना वाटलं असेल. त्यांच्या १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज हयात असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत मोजतात. खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे, त्याच्यासमोरून आम्ही शंभर वेळा गेलो असू, भाजी घेऊन.

आणि जी. कांबळे! सिनेमाची प्रचंड बॅनरं रंगवणारा कोल्हापूरचा माणूस, 'मुघल-ए-आझम'च्या पोस्टरांपर्यंत पोचलेला. आज कुठल्याही सरकारी कचेरीत शिवछत्रपतींची जी अधिकृत तसबीर दिसते, ती त्यांची. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभी असताना मी त्या तसबिरीकडे बघत असते आणि मनात येतं, हा हात कापडावर चाळीस फुटी चेहरे काढून तयार झालाय. त्या कापडांचं काय झालं? दर शुक्रवारी चुन्याचा हात फिरवून त्यावर पुढचा सिनेमा. मुंबईत चित्रकार एम. एफ. हुसेनही ऐन उमेदीत हेच काम करत, तेव्हा त्यांच्याही किती बायका पांढऱ्या चुन्याखाली गेल्या असतील.

मागच्या वर्षी पुण्यात जुन्या पोस्टरांचं आणि छायाचित्रांचं एक प्रदर्शन बघायला गेले होते. खूप सुंदर मांडलं होतं, हे आधी सांगते. 'संत तुकाराम'मधले विष्णुपंत पागनीस, हातात वीणा, डोळे अर्धवट मिटलेले. 'कुंकू'तली शांता आपटे, जिच्याकडे बघितल्यावर आपणच काहीतरी चुकलोय असं वाटतं. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती, म्हणजे अण्णा साळुंके. त्या फोटोपुढे मी फार वेळ उभी होते. उपाहारगृहात स्वयंपाकाला असलेला हा मुलगा फाळक्यांनी पंधरा रुपयांवर आणला आणि राणी केला. पदर, दागिने, सगळं जिथल्या तिथं. मनगट मात्र मला राबणाऱ्या माणसाचं वाटतं. चित्र हलत असताना ते निसटलं असेल, थिजल्यावर पकडता येतं. माझ्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती, कानात हेडफोन. तिनं फोटोचा फोटो काढला, मग स्वतःचा आणि तारामतीचा मिळून एक काढला. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. आम्ही काचेवर नाक टेकवायचो, ती मोबाइल टेकवते.

तरी बाहेर पडताना काहीतरी खुपत होतं. नंतर कळलं काय ते. प्रत्येक चीज स्वच्छ होती. कडा सरळ, डाग काढलेले, पाठीमागे आम्लरहित पुठ्ठा. जतन असंच करतात, आणि असंच करायला हवं; १९६४ला पुण्यात चित्रपट संग्रहालय उभं राहिलं नसतं आणि नायरांसारखा पछाडलेला माणूस त्याला मिळाला नसता तर आपण आज कशाकडे बघत बसलो असतो? २००३च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठारात नायट्रेटची रिळं जळाली, ती सकाळ पुण्यातल्या बऱ्याच जणांना आठवते. एकदा पेटलेली नायट्रेट फिल्म हवा तोडली तरी विझत नाही, जळायला लागणारं तिचं तीच पुरवते. त्यामुळे कागदाचा कपटाही जपणाऱ्यांबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण त्या भिंतींवर एकाही पोस्टराला पट्टी नव्हती. एकावरही खळीचा पिवळा डाग नव्हता. कसा असेल? जी पोस्टरं भिंतीवर चढली ती पावसात भिजली, पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या पोस्टराखाली गेली, आणि थर बोटभर जाड झाला की पोरांनी ओढून काढला. श्रावणात आमच्या गल्लीत असे पापुद्रे पडलेले असायचे. एकाची कड उचकटली की खालून मागच्या महिन्यातला नायक, त्याखाली गणपतीच्या सर्कशीचा वाघ. जी उरलीत ती गड्डीतली शिल्लक. कुणी खळ लावली नाही म्हणून वाचलेली, नोकरीवर कधी रुजूच न झालेली.

मग मामाचं पोस्टर पट्टी लावूनही कसं वाचलं, हे माझ्या डोक्यात यायला त्यानंतर वर्ष जावं लागलं. मी मामीला फोन केला. मामीला सगळं आठवतं, फक्त परवाचं आठवत नाही. "ते व्हय," ती म्हणाली, "त्या टायमाला पेटीच आली न्हाई. सांगलीला हाउसफुल चाललंय म्हणून तिथंच ठिवून घेतली. तुझ्या मामानं ओसरीवर पंधरा पोस्टरांस्नी पट्ट्या मारून ठिवल्यात्या, खळ वाळायची होती. निरोप आला, दुसरा खेळ लावा. चौदा मी चुलीला घातली. एक त्यानं ठिवलं." का ठेवलं? "मला काय म्हाईत. तुझ्या त्या कंदिलाच्या बाईचा सिनिमा न्हवं का त्यो? तू लई रडलीवतीस."

मी पोस्टर पुन्हा उलगडून जमिनीवर पसरलं. गुलाबी पट्टी, फिकट होत होत कडेला पांढरी झालेली. 'उद्यापासून', मग टॉकीजचं नाव, मग 'रोज ३ खेळ', आणि अगदी कोपऱ्यात छापखान्याचं नाव, मुंगीएवढ्या अक्षरात. लाकडी टाईपमधला 'उ' एका जागी टवका उडालेला, तो प्रत्येक पट्टीवर तसाच. हा सिनेमा दुसऱ्यांदा लागणार होता तेव्हाची ही पट्टी. म्हणजे मी पाहिला तो वेगळा शुक्रवार, हा वेगळा, आणि हा कधी उजाडलाच नाही. त्या रात्री मी ट्रंकेतले सात फोटोही काढून बसले. खेळ उतरल्यावर मोजणीत चुकलेले म्हणा, चुकवलेले म्हणा. मामाचं प्रामाणिकपण खिडकीतल्या हिशेबापुरतं कडक होतं, फोटोंच्या बाबतीत सैल. प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं, गंजाच्या कड्या असलेली. भिंग लावून मी एका कोपऱ्यातली मोजली. एकोणीस. म्हणजे एकोणीस व्हरांडे. जत, मिरज, निपाणी, गडहिंग्लज, कुठलीही नावं घाला. पाठीवर पेन्सिलीनं आकडे, एक जांभळा शिक्का, त्यातली अक्षरं पसरलेली. प्रदर्शनात फोटोची पाठ कुणी दाखवत नाही. कंदीलवाली त्या सातांत आहे. तिच्या कोपऱ्यात बावीस भोकं आहेत, म्हणजे मी एकटीच फसले नव्हते.

परवा फ्रेमवाल्याकडे गेले. "पट्टी ठेवायची," म्हटलं, "आणि कडासुद्धा. मोठी काच घ्या." तो म्हणाला, "खर्च वाढेल." वाढू दे म्हटलं. मग त्यानं पोस्टर टेबलावर अंथरलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पहिल्यांदाच पट्टी वाचली. "हे टॉकीज कुठं होतं?" मी सांगितलं. "आमचे आजोबा ऑपरेटर होते," तो म्हणाला, "इकडे, लष्कर भागात." आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले, पण तेवढ्यात एक बाई लग्नाच्या फोटोची फ्रेम घ्यायला आली.

आता पोस्टर दिवाणखान्यात आहे. शेजारी कंदीलवाली, भोकांसकट. फ्रेम अगदी सरळ लागलीय, लेव्हल लावून बघितलंय. पण पट्टी तिरकी असल्यामुळे येणाऱ्याला सगळंच एका बाजूला कललेलं वाटतं. नवऱ्यानं पहिल्या दिवशी तीनदा सरळ केली. कामाच्या मावशी रोज पुसताना उजवा कोपरा थोडा खाली ओढतात, मी संध्याकाळी वर करते. काल गॅस सिलिंडर घेऊन आलेला मुलगा पैसे घेताना तिकडे बघत राहिला, मग सिलिंडर दारातच ठेवला, चप्पल काढून आत आला आणि न विचारता फ्रेमला हात घातला.